सोमवारचा पाव आणि रविवारचं कुलूप

पुण्यात क्वार्टर गेटकडून नाना पेठेत शिरलं की आतल्या एका गल्लीत ही बेकरी लागते. नाव मुद्दाम देत नाही. मालकीणबाईंनीच हात जोडले, "ताई, लिहा काय लिहायचं ते, पण नाव नको. आहेत तेवढीच गिऱ्हाइकं डिसेंबरात आवरत नाहीत." तसंही पाटीवर नाव कुठे आहे? जुन्या मालकांच्या वेळची पत्र्याची पाटी, तिच्यावरचं नाव उन्हापावसाने गेलंय आणि 'पाव, खारी, टोस्ट' एवढंच उरलंय. सकाळी जा, वासावर सापडेल.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. दुकान चालवणारे नवरा-बायको आणि मी एकाच मंडळीतले, म्हणजे एकाच चर्चचे. उपासनेला आमचे बाक मागेपुढे. तेव्हा आपल्या माणसांची जाहिरात चाललीय असं कुणाला वाटलं तर वाटू दे. पावाचे पैसे मी रोख मोजते, आणि जे आवडलं नाही तेही खाली लिहिलंय. शिवाय माझी उभी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली. नवा धंदा काढणाऱ्याकडे कौतुकाने बघायची सवय तिथे लागत नाही.

आधी माल. पाव उत्तम. लादीतून एकेक पाव न फाटता सुटतो, वरची साल पातळ, आत जाळी बारीक, आणि दुसऱ्या दिवशी तव्यावर लोणी सोडून भाजला तरी भुगा होत नाही. सहाची लादी 25 रुपये. ब्रुन, म्हणजे कडक सालीचा पाव, चांगला कडक, पण आठच्या आत संपतो. उशिरा उठणाऱ्यांनी त्याचा नाद सोडावा. खारीचे पापुद्रे छान सुटतात, मात्र वनस्पती तूप टाळूला चिकटतं. लोण्यातली खारी केली तर भाव दुप्पट होईल हे मला समजतं, तरी चिकटतं ते चिकटतंच. नानकटाईत वेलची जरा जास्त पडते. टोस्ट मात्र असा की मी बाहेरगावच्या बहिणीला पार्सल करते. त्या टोस्टचं गुपित भट्टीत आहे.

भट्टी लाकडाची, विटांची, जुनी. हिला काटा नाही, बटण नाही. रात्री आत जाळ करायचा, विटा तापल्या की राख ओढून काढायची, लांब काठीला ओलं गोणपाट बांधून तळ पुसायचा आणि मग माल लावायचा. पहिली आच पावाची, कारण ती सगळ्यात कडक. ती थोडी उतरली की खारी आणि बिस्किटं. आणखी उतरली की केक. आणि सगळं झाल्यावर उरलेल्या उबेत पावाचे काप तासन्तास सुकत पडतात, तो टोस्ट. म्हणून त्याला आतपर्यंत सारखा बदामी रंग येतो. उस्ताद, म्हणजे जुन्या मालकांपासूनचे कारागीर, चिमूटभर मैदा भट्टीच्या तळावर टाकतात आणि तो किती वेळात लाल होतो त्यावरून ठरवतात. लगेच काळा पडला तर थांबा. मी एकदा विचारलं, किती आकडे मोजता? ते हसले, "मोजत नाही, बघतो."

याच भट्टीत लोकांचे डबेही भाजून मिळतात. आमच्या लहानपणी नाताळ जवळ आला की घरोघरी केकचं मिश्रण कालवून, टिनात ओतून, वर नावाची चिठ्ठी लावून ते भट्टीवर पोचवायचं काम पोरांकडे असे. ही पद्धत कॅम्पातही होती, पेठांतल्या ख्रिस्ती घरांतही. आता घरोघर ओव्हन आले आणि बहुतेक भट्ट्यांनी ते बंद केलं. इथे चालू आहे. किलोला साठ रुपये भाजणावळ. चिठ्ठी मात्र पेन्सिलीने लिहा, पेनाची शाई तुपात पसरते आणि मग तुमचा केक कुणा भलत्याच्याच घरी जातो.

त्यांच्या स्वतःच्या प्लम केकमध्ये रम नाही. मनुका, बेदाणे, संत्र्याच्या साली आणि चेरी काळ्या द्राक्षाच्या आणि संत्र्याच्या रसात भिजवतात. चव चांगली, थोडी आंबटसर. पण रमचा केक महिनाभर राहतो, हा आठवड्यात संपवावा लागतो. अर्धा किलो 350 रुपये. ज्यांना रम हवी त्यांनी कॅम्प गाठावा, भांडण नाही.

आता कुलपाची गोष्ट, कारण लोकांची तक्रार तीच असते. ही बेकरी रविवारी बंद. दसरा-दिवाळी चालू, पण रविवारी बंद. शहरात बेकरीवाल्याचा सगळ्यात मोठा दिवस रविवार. मिसळवाल्यांना दुप्पट ब्रेड लागतो, घरोघर मटण असतं, वडापावच्या गाड्यांना उसंत नसते. ख्रिस्ती वस्तीच्या आसपास तर उपासना सुटली की लोक थेट बेकरीकडे वळतात. आणि हे त्या वेळी कुलूप लावून आमच्याबरोबर देवळातून बाहेर पडत असतात.

वरवर बघणाऱ्याला वाटतं, एका दिवसाची विक्री बुडाली, एवढंच ना? नाही. विटांची भट्टी एक दिवस थंड पडली की ती पुन्हा अंगात यायला वेळ घेते. सोमवारी लाकूड जास्त जातं, जाळ आधीपासून लावावा लागतो, आणि तरीही पहिल्या घाण्याला आच सारखी लागत नाही. म्हणून सोमवारी सकाळचा पहिला पाव एका कडेने फिका असतो. हे मी गिऱ्हाईक म्हणून सांगते: सोमवारी नऊनंतर जा. दुसरी गोष्ट, गाडीवाल्यांना रोज माल देणारा माणूस लागतो. जो रविवारी देत नाही त्याच्याकडून ते सोमवारीही घेत नाहीत. पहिल्या वर्षात यांची बांधलेली गिऱ्हाइकं अशीच गेली. तिसरी गोष्ट उस्तादांची. भट्टीवर मजुरी बहुतेक गोणीवर असते, मैद्याच्या जितक्या गोण्या लागतील तितके पैसे. रविवार बंद म्हणजे त्यांच्या खिशाला कात्री. मालकांचा विश्वास आणि कारागिराचं पोट, असा तो व्यवहार झाला असता. यांनी गोणीची मजुरी बंद करून महिन्याचा पगार बांधला, रविवारच्या सुट्टीसकट. विक्री कमी, पगार पक्का. कर्ज विभागात हा कागद माझ्या टेबलावर आला असता तर मी लाल पेनाने गोल केला असता.

गाडीवाल्यांचा प्रश्न सुटला तो वेगळ्याच वाटेने. पलीकडच्या गल्लीत एका मुसलमान चाचांची भट्टी आहे. मालकीणबाई स्वतः जाऊन त्यांना म्हणाल्या, रविवारी माझ्या गाडीवाल्यांना तुम्ही द्या, भाव तुमचा, मी मध्ये काही घेणार नाही. चाचांना आधी यात काहीतरी डाव वाटला असावा. पण आता ईदच्या दिवशी चाचांचे गाडीवाले इकडून माल नेतात आणि रविवारी हे तिकडून. वहीत कुठे नोंद नाही. दोघांनाही एकमेकांचं गिऱ्हाईक पळवता आलं असतं.

मी एक दिवस गल्ल्यापाशी उभी राहून विचारलं, "अहो, खरं सांगा, देवाने तुम्हाला सांगितलं होतं का हे दुकान घ्या म्हणून?" आमच्या प्रार्थना सभांमध्ये साक्षी अशाच असतात ना. देवाने सांगितलं, मी नोकरी सोडली, प्रभूने दार उघडलं, हालेलुया. मधली पाच वर्षं कुणी सांगत नाही.

त्या पावाच्या लाद्या रचत होत्या. म्हणाल्या, "सांगितलं असतं तर सोपं झालं असतं, ताई. बुडालं तर त्याच्यावर ढकलता आलं असतं."

मग यांची हकीकत कळली. नवरा भोसरीच्या एका कारखान्यात होता. माणसं कमी करायची म्हणून स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, पन्नाशीच्या अलीकडेच. प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, सगळं मिळून एक रक्कम हातात आली. जुने बेकरीवाले थकले होते, मुलांना धंदा नको होता. यांनी रकमेचे तीन भाग केले. एक मुलीच्या शिक्षणाचा, बँकेत मुदत ठेवीत, त्याला हात लावायचा नाही असं दोघांनी पाळकसाहेबांसमोर ठरवलं. एक अनामत, दुरुस्ती आणि पहिला कच्चा माल. एक भाग तोटा सोसायला. हो, तोटा सोसायला म्हणून वेगळे काढलेले पैसे! माझ्या टेबलासमोर बसून गेलेल्या शंभरांत एकाने तरी असे काढले असतील का, शंका आहे. मैदा मळायच्या मशीनसाठी नंतर मुद्रा योजनेतून कर्ज घेतलं. ही योजना 2015 पासून आहे आणि त्यात तारण लागत नाही. 'किशोर' गटात पन्नास हजारांच्या वर पाच लाखांपर्यंत मिळतं; यांनी लागेल तेवढंच घेतलं आणि हप्ता एकदाही चुकवला नाही. हे मी वही बघून सांगते. मला वही बघितल्याशिवाय पाव गोड लागत नाही.

म्हणजे धाडस कुठे केलं? पैशात तर फार केलं नाही. नोकरीही यांनी आपण होऊन सोडली नव्हती. यांचं धाडस आहे ते कुलपात. हाताशी आलेला पैसा दर आठवड्याला सोडून द्यायचा आणि तोटा कुणावर लादायचा नाही, कारागिरावरही नाही. मला विश्वास म्हणून जे दाखवलं जातं त्यात हे फार क्वचित दिसतं.

उलट दिसतं ते मी बँकेत पाहिलंय. एका गृहस्थाने बायकोचे दागिने तारण ठेवून धंद्यात घातले. कुठल्याशा सभेत वक्त्याने 'विश्वासाचं बी पेरा, शंभरपट येईल' असं सांगितलं होतं म्हणे. धंदा कसला, गिऱ्हाईक कोण, माल कुठून येणार, एकाही प्रश्नाला उत्तर नाही. "मॅडम, प्रभू बघून घेईल." दागिन्यांचा लिलाव झाला तेव्हा वक्ता आला नाही, गृहस्थही आले नाहीत. बायको आली होती. सैतानाने येशूला मंदिराच्या टोकावर नेऊन उडी मार म्हटलं, देवदूत झेलतील म्हणून शास्त्रातलं वचनही काढून दिलं. येशूने उडी मारली नाही, देवाची परीक्षा पाहू नकोस म्हणाला. हा भाग अशा सभांमध्ये वाचला जात नाही. येशूचा शिष्य पेत्र पाण्यावर चालला तो भाग सारखा वाचतात. पण पेत्राने आधी येशूला विचारलं होतं, तू असशील तर मला ये म्हण. 'ये' ऐकल्यावर त्याने नावेतून पाय काढला. आणि बुडायला लागल्यावर ओरडला, लाज धरली नाही.

आता कुणी म्हणेल, बाई शेवटी बँकेवालीच, हिला देवापेक्षा मुदत ठेव मोठी. तसं नाही. बायबलात मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात धनी तीन चाकरांना पैसे सोपवून जातो. तिथली सगळ्यात लहान रक्कमसुद्धा मजुराची वीसेक वर्षांची कमाई, चिल्लर नव्हे. दोघे व्यापार करून दुप्पट करतात, तिसरा घाबरून जमिनीत पुरतो. धनी परत येतो तेव्हा रागावतो तो या तिसऱ्यावर. निदान सावकाराकडे ठेवले असतेस तर व्याज तरी आलं असतं, असं त्याला सुनावतो. पण तिसरा बुडवत नाही हो, जसंच्या तसं परत देतो! तरी तो चुकला, कारण त्याने धन्याला कठोर समजून काहीच केलं नाही. आमच्या मंडळीत पुरणारे पुष्कळ आहेत. मुलगी बाहेरगावी सेवेला जाते म्हणाली की प्रार्थना विनंती येते, तिचं मन वळावं म्हणून. देवावर भरवसा, पण पिंपरीच्या पुढे नको.

आणि हिशेब ठेवला म्हणजे विश्वास उणा पडला, हेही मला कुणी सांगू नये. पुण्याच्या ख्रिस्ती माणसाला तरी नाही, पंडिता रमाबाईंनंतर नाही. त्यांच्या शारदा सदनला, विधवांच्या शाळेला, अमेरिकेतून मदत होती ती दहा वर्षांची. ती संपणार हे धरून बाईंनी केडगावला आधीच जमीन घेतली आणि फळझाडं लावली, उत्पन्नाची सोय म्हणून. मग 1896-97 चा दुष्काळ आला. ज्या बाईने स्वतःचे आईवडील दुष्काळात गमावले ती मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली घेऊन आली. पुण्यात प्लेगमुळे एवढ्या मुली ठेवायला सरकार देईना. तेव्हा त्या केडगावच्या शेतावर नेल्या. झाडं लावली तेव्हा या मुली हिशेबात नव्हत्या. मुली आणल्या तेव्हा त्यांना पुरेल एवढं उत्पन्न हातात नव्हतं. दोन्ही एकाच बाईने केलं. आजही दौंडच्या गाडीने केडगावला उतरलात तर त्यांनी तिथे उभारलेलं मुक्ती मिशन बघता येतं.

हे सगळं मी मालकीणबाईंना ऐकवलं तर त्या म्हणाल्या, "रमाबाई मोठ्या होत्या. मी रविवारी झोपते." खरंच झोपतात. उपासनेनंतर जेवून दुपारभर. बेकरीवाल्याची झोप आठवडाभर तुकड्या-तुकड्यांची असते, रात्री दोनला पीठ मळायला उठावं लागतं. बायबलातल्या निर्गमात मान्ना, म्हणजे आकाशातून मिळणारं अन्न, गोळा करायचा नियम आहे तसा यांचा शनिवार असतो: सहाव्या दिवशी दुप्पट. शनिवारी संध्याकाळी रांग गल्लीच्या तोंडापर्यंत. पेठेतल्या जुन्या गिऱ्हाइकांना सवय झाली आहे, ती रविवारचं शनिवारीच नेतात. पहिल्या दीड वर्षात ती झाली नव्हती. तोटा सोसायला ठेवलेला भाग तेव्हाच संपत आला होता. त्या दिवसांबद्दल विचारलं की दोघंही विषय बदलतात, आणि मीही पुन्हा विचारत नाही.

दशांशाबद्दल, म्हणजे कमाईतला दहावा भाग देवाला द्यायचा त्याबद्दल, मात्र सांगतात. नफा नव्हता तेव्हा दशांश कशाचा काढायचा, यावर घरात वाद झाला. हा म्हणे विक्रीवर काढू, ती म्हणे विक्री आपली कुठे आहे, ती मैदेवाल्याची. शेवटी दर शनिवारी उरलेल्या लाद्या एका मुलांच्या वसतिगृहाला जायला लागल्या. आता नफा आहे, दशांश पैशात निघतो, पण लाद्या जातातच. शिळ्या नाहीत, त्याच दिवसाच्या, मी तपासलं.

दुकानात धर्माचा बडेजाव नाही हे मला आवडलं. भिंतीवर एक वचनाचं कॅलेंडर, त्याखाली एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक, आणि बाजूला उस्तादांचं नमाजाच्या वेळांचं पत्रक. गिऱ्हाईक सगळं पुणं. मजा अशी की इथून हाकेच्या अंतरावर गुरुवार पेठेत पंचहौद मिशन. तिथे 1890 साली चहा-बिस्किटं समोर आली म्हणून टिळक-रानड्यांसकट भल्याभल्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा खटला, झालं, प्रायश्चित्तांपर्यंत गोष्ट गेली. आता सदाशिव पेठेतून लोक स्कूटरवर येतात आणि खारी संपली की उस्तादांशी वाद घालतात.

आता उणिवा. पार्किंग नाही, चारचाकी आणूच नका. सुट्टे पैसे आणा. यूपीआय आहे, पण आतल्या बाजूला रेंज जाते आणि मग तुम्ही हातात लादी धरून गल्लीत फोन उंच करून उभे. काउंटरवरचा पोरगा वजन करताना बोलत राहतो, काट्याकडे लक्ष ठेवा. फसवत नाही, वेंधळा आहे. पिशवी मिळत नाही. मावा केक 25 रुपयाला जरा लहानच. आणि एवढ्या वर्षांत पाटी रंगवून घेतलेली नाही, हे मला पटत नाही. खर्च वाचवायचाही एक शिष्टाचार असतो.

मोठा प्रश्न पुढे आहे. मुंबईत उच्च न्यायालयाने 2025 च्या जानेवारीत लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅसवर किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर न्यायला सांगितलं. ते मुंबईपुरतं, पण पुण्याचे बेकरीवाले काय ते समजून आहेत. धुराचं म्हणाल तर शेजारच्या इमारतीतल्या लोकांचंही खरं आहे, मी तिथे राहत असते तर मीही कागद लिहिला असता. यांनी गॅसच्या ओव्हनची कोटेशनं मागवली आहेत. आकडा मोठा आहे. नवरा म्हणतो आत्ताच घेऊ, कर्ज मिळतंय तोवर; बायको म्हणते आधीचं फिटू दे. मला विचारलं तेव्हा मी बायकोच्या बाजूने बोलले, पण यावेळी नवऱ्याचं बरोबर असण्याची शक्यता मला जास्त वाटते, आणि तेही मी तिला सांगितलं. गॅस आला तर सोमवारचा फिका पाव जाईल. उरलेल्या उबेतला टोस्टही जाईल. टोस्ट खायचा तर या हिवाळ्यात खाऊन घ्या.

वेळ सकाळी सहा ते एक, संध्याकाळी चार ते साडेआठ, रविवार बंद. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आदल्या दिवशी क्रॉस बन मिळतात, सांगून ठेवावे लागतात. मी पाचापैकी साडेचार देईन. अर्धा खारीच्या तुपाचा आणि पाटीचा मिळून कापला. नाताळचे डबे आणि केक यांच्या ऑर्डरी 10 डिसेंबरला बंद होतात, भट्टीत मावेल तेवढ्याच घेतात. त्यानंतर मंडळीतली ओळख सांगून उपयोग नाही. मी सांगून पाहिली आहे.